सुलट-उलटचं विणकाम: हात फिरवण्याआधी टाका ओळखा

सुयांवरचं विणकाम शिकायला घेतलं की पहिल्या काही दिवसांत दोन अडचणी हमखास येतात. ३० टाके घातलेले असतात, दहा ओळींनंतर मोजले तर ३४ निघतात. नाहीतर मधेच एक टाका निसटतो आणि सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. दोन्हींचं कारण एकच आहे. हात कसा फिरवायचा ते शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण सुईवर जे बसलेलं आहे ते नेमकं काय, हे फारसं कुणी दाखवत नाही. टाका ओळखता आला की चूक कुठे झाली ते दिसतं, ती तेवढीच सुधारता येते आणि नमुना पाठ करण्याची गरजही बरीच कमी होते.

म्हणून इथे क्रम थोडा वेगळा ठेवला आहे: आधी टाका, मग हात, मग वीण. शेवटी बाळंतविड्यात देता येईल अशी तान्ह्या बाळाची टोपी आहे. ती सरळ दोन सुयांवर होते.

१. साहित्य

- ८ नंबरच्या सुयांची एक जोडी (४ मिमी) आणि १० नंबरची एक जोडी (३.२५ मिमी)
- मध्यम जाडीची, म्हणजे डबल निटिंग प्रकारची लोकर, ५० ग्रॅमचे दोन गुंडे
- ३ ते ३.५ मिमीची क्रोशाची सुई, निसटलेले टाके उचलायला
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई
- मोजपट्टी, कात्री, दोन-चार सेफ्टी पिना, वही-पेन्सिल

सुई घेताना नंबरावर विसंबू नका, मिलिमीटर बघा. आपल्याकडे चालणारे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलट. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमीची, आपली ४ मिमीची. अमेरिकन नमुना बघून दुकानात ‘८ नंबर द्या’ म्हणालात, तर लहान मुलाचा स्वेटर त्याला घालताच येणार नाही.

शिकताना लोकर फिकी, एकरंगी आणि गुळगुळीत घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर उसवताना अडकते. अ‍ॅल्युमिनियमच्या सुया गुळगुळीत असल्यामुळे टाके घसरतात. टाके सारखे निसटत असतील तर बांबूच्या सुया घ्या. कपड्याला लागणारी सगळी लोकर एकदम विकत घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) सगळ्या गुंड्यांवर एकच आहे का ते तपासा. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात मात्र पाठीवर आडवा पट्टा दिसतो.

२. टाका म्हणजे काय

हा भाग घाईने वाचू नका. सुई हातात असेल तर समोर धरूनच वाचा.

हातमागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन धागे असतात. विणकामात एकच धागा असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून काढायचा, त्यातून तिसरा, एवढंच. म्हणूनच विणलेलं कापड ताणलं जातं, आणि एक टोक ओढलं की सरसर उसवतं.

डाव्या सुईवरचा एक टाका जवळून बघा. घोड्यावर बसलेल्या स्वारासारखा तो सुईवर बसलेला असतो, एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. नीट बसलेल्या टाक्याचा उजवा पाय पुढे असतो, म्हणजे सुईच्या टोकाकडचा. ही खूण पक्की करा, पुढे सारखी लागणार आहे.

आता थोडं विणलेलं कापड बघा. एका बाजूने प्रत्येक टाका व्ही आकाराचा दिसतो आणि हे व्ही एकावर एक उभ्या रांगेत रचलेले असतात. तेच कापड पालटा: व्हीच्या जागी आडवे उंचवटे दिसतील. म्हणजे सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके नाहीतच. नवा फास जुन्यातून मागून पुढे ओढला की आपल्या बाजूला व्ही येतो, तो सुलट. पुढून मागे ढकलला की आपल्या बाजूला उंचवटा येतो, तो उलट. समोर सुलट विणलेला टाका पलीकडच्या बाजूने उलटच दिसतो.

अंगातला टी-शर्ट भिंगाखाली धरलात तरी बाहेरून हेच बारीक व्ही आणि आतून हेच उंचवटे दिसतील. होजिअरीचं कापड म्हणजे यंत्रावर विणलेली हीच वीण. तिचं पहिलं यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी मोज्यांसाठी बनवलं.

३. टाके घालणे

पद्धती बऱ्याच आहेत. नवशिक्यांसाठी दोन सुयांची पद्धत सोयीची, कारण तिच्यात सुलट टाक्याचाही सराव होतो.

१. लोकरीचं १५ सेंमी टोक सोडून सरकफास करा आणि तो डाव्या सुईवर चढवा.
२. उजवी सुई फासात समोरून मागे घाला, तिच्या टोकाला लोकरीचा वेढा द्या आणि नवा फास बाहेर ओढा.
३. जुना फास सोडू नका. नवा फास डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके.
४. आता याच नव्या फासात सुई घालून पुढचा टाका करा.

टाके इतके सैल हवेत की सुईवर बोटाने सहज सरकतील. घट्ट घातले तर पहिली ओळ विणताना सुई आत शिरत नाही, आणि टोपीची कड कपाळावर रुतते. हात घट्टच असेल तर टाके एक नंबर जाड सुईवर घाला आणि विणायला मूळ सुई घ्या. सरावासाठी ३१ टाके घाला.

४. सुलट टाका

लोकर कामाच्या मागे. उजवी सुई टाक्यात डावीकडून उजवीकडे, समोरून मागे घाला. ती डाव्या सुईच्या मागे जाईल. लोकर उजव्या सुईखालून डावीकडे न्या आणि दोन्ही सुयांच्या मधून उजवीकडे आणा. हा वेढा सुईच्या टोकाने जुन्या टाक्यातून पुढे ओढा, मग जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या.

लोकर उजव्या हातात धरा की डाव्या, कापड तेच होतं. ज्या हाताने ताण सारखा राहतो तो तुमचा.

५. उलट टाका

लोकर कामाच्या पुढे. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे घाला. ती डाव्या सुईच्या पुढे राहील. लोकर उजव्या सुईच्या वरून डावीकडे न्या, खालून परत उजवीकडे आणा. वेढा मागे ढकला आणि जुना टाका सोडा.

इथे एक छुपी चूक होते. लोकर वरून घेण्याऐवजी खालून घेणं हाताला सोपं वाटतं. तसंही विणता येतं, पण त्या टाक्याचा डावा पाय पुढे येतो. पुढच्या ओळीत सवयीने पुढच्या पायात सुई घातलीत की टाका पिळला जातो. पिळलेल्या टाक्याचे पाय तळाशी एकमेकांवरून गेलेले दिसतात, वीण घट्ट होते आणि कमी ताणली जाते. उपाय दोन: वेढ्याची दिशा बदला, किंवा जो पाय सुईच्या टोकाकडे आहे, मग तो पुढचा असो की मागचा, त्यातच सुई घाला. दुसरी सवय जास्त कामाची, कारण उसवून पुन्हा सुईवर घेतलेले टाकेही बरेचदा उलटे बसलेले असतात.

६. या दोनांतून चार विणी

३१ टाक्यांवर प्रत्येक वीण वीस-वीस ओळी करून बघा.

सगळ्या ओळी सुलट. दोन्ही बाजूंनी आडव्या धारा दिसतात. एक धार म्हणजे दोन ओळी. कापड सपाट राहतं, कडा वळत नाहीत. पहिल्या मफलरसाठी हीच घ्या.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट. समोर सगळे व्ही, मागे सगळे उंचवटे. बहुतेक स्वेटर याच विणीचे. पण हिच्या कडा वळतात: बाजूच्या कडा मागे, वरची-खालची कड पुढे. प्रत्येक टाक्यात धागा एकाच दिशेने वाकवलेला असतो आणि तो सरळ व्हायला बघतो, म्हणून हे होतं. इस्त्रीने ते जात नाही. या विणीचा मफलर कितीही मन लावून विणलात तरी चार दिवसांत त्याची नळी होते. चारही बाजूंना निदान चार-पाच टाक्यांची किंवा ओळींची सपाट विणीची कड लागते.

१ सुलट, १ उलट. सुलटवर सुलट, उलटवर उलट. हीच बॉर्डरची वीण, रिब. सुलटच्या रांगा पुढे येतात, उलटच्या मागे जातात, कापडाला उभ्या चुण्या पडतात आणि म्हणून ते आडवं भरपूर ताणलं जाऊन परत जागेवर येतं. मनगट, गळा, कंबर इथे तीच हवी. पुढच्या ओळीत काय करायचं हे लक्षात ठेवायची गरज नाही: समोर व्ही दिसला तर सुलट, उंचवटा दिसला तर उलट.

१ सुलट, १ उलट. पण सुलटवर उलट, उलटवर सुलट. दाणेदार, सपाट साबुदाणा वीण. ३१ सारखी विषम संख्या असेल तर प्रत्येक ओळ सुलटने सुरू करायची, सुलटनेच संपवायची. रिब विणता विणता अचानक दाणे दिसू लागले तर एका ओळीत तुम्ही एक टाका पुढे-मागे झालात असं समजा.

७. टाके वाढतात का, कमी होतात का

वाढण्याची मुख्य कारणं तीन.

पहिलं, सुलटवरून उलटवर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची असते. ती सुईच्या वरून आणली की सुईवर एक जास्तीचा वेढा बसतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक पडतं.

दुसरं कारण कडेला लपलेलं असतं. ओळ पालटल्यावर लोकर सुईवरून मागे टाकली तर पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन्ही विणले जातात. सुलट ओळ सुरू करताना लोकर आधी खाली ओढा, मग सुईच्या खालून मागे न्या.

तिसरं, ओळ अर्धी सोडून उठणं. परत आल्यावर सुया कोणत्या हातात घ्यायच्या ते उलटसुलट झालं की एका बाजूला दोन ओळी जास्त विणल्या जातात आणि मधे भोक पडतं. जिच्या टोकाजवळच्या टाक्यातून गुंड्याकडे जाणारी लोकर निघते, ती सुई उजव्या हातात.

कमी होण्याचं कारण बहुधा निसटलेला टाका, क्वचित चुकून एकत्र विणलेले दोन. दर चार ओळींनी टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण चाळीस ओळी उसवण्यापेक्षा बरं.

८. निसटलेला टाका उचलणे

घाबरून काम ओढू नका. आधी त्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही.

काम अशा बाजूने धरा की व्ही समोर दिसतील. निसटलेल्या फासाच्या वर, दोन रांगांच्या मधे, शिडीसारखे आडवे धागे मोकळे दिसतील. जितक्या ओळी खाली गेला, तितके धागे. क्रोशाची सुई फासात समोरून घाला, सगळ्यात खालचा धागा पकडून फासातून पुढे ओढा. मग त्याच्या वरचा. शेवटचा फास डाव्या सुईवर उजवा पाय पुढे ठेवून चढवा. धाग्यांचा क्रम चुकला किंवा एक सुटला तर मागे सैल धागा लोंबतो.

सगळ्या सुलट ओळींच्या विणीत एक धागा समोरून आणि पुढचा मागून ओढावा लागतो, कारण तिथे ओळीआड व्ही आणि उंचवटा असतो.

चूक याच ओळीत असेल तर सुई काढू नका. डाव्या सुईचं टोक उजव्या सुईवरच्या टाक्याच्या खालच्या फासात समोरून घाला, वरचा सोडा, लोकर ओढा. असं एकेक टाका मागे जा.

९. टाके कमी करणे, वाढवणे

दोन टाके एकत्र सुलट विणले की वरचा टाका उजवीकडे झुकतो. एक टाका न विणता सुलटसारखा उचलून घ्यायचा, पुढचा सुलट विणायचा आणि उचललेला त्याच्यावरून टाकायचा, की तो डावीकडे झुकतो. स्वेटरच्या दोन्ही बाजूंना एकच पद्धत वापरली की एक खांदा नीट आणि दुसरा वेडावाकडा दिसतो. मोजमाप बरोबर असतं, दिसण्यात फरक पडतो.

वाढवायचे तर एकाच टाक्यात आधी पुढच्या पायात आणि मग मागच्या पायात सुलट विणा. बाजूला छोटा उंचवटा येतो, कडेजवळ तो खपून जातो. उंचवटा नको असेल तर दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर उचला आणि तो पिळून विणा. न पिळता विणलात तर भोक राहील.

हेच भोक मुद्दाम केलं की जाळी. लोकर सुईवरून घ्यायची, म्हणजे एक टाका वाढतो, आणि शेजारी दोन एकत्र विणायचे, म्हणजे एक कमी होतो. जाळीच्या कुठल्याही नमुन्यात हा हिशेब जुळवून बघा. ओळीअखेर आकडा चुकला तर बहुतेक वेळा एखादा वेढाच राहून गेलेला असतो. वेणी दिसते अवघड, पण असते फक्त अदलाबदल: चारपैकी पहिले दोन टाके वेगळ्या छोट्या सुईवर कामाच्या पुढे ठेवून नंतरचे दोन आधी विणले की वेणी डावीकडे वळते, मागे ठेवले की उजवीकडे. वेण्यांनी कापड आकसतं, म्हणून साध्या नमुन्यात आपल्या मनाने वेणी घालायची तर टाके वाढवावे लागतात.

१०. चौकोन विणून मोजणे

ही पायरी सगळे टाळतात. ठरवलेल्या सुईवर आणि लोकरीवर साधारण १५ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंमीत किती टाके, किती ओळी ते मोजा. कडेचे टाके धरू नका.

का, ते बघा. समजा, छापील नमुन्यात १० सेंमीत २२ टाके धरले आहेत आणि ४५ सेंमी रुंदीसाठी ९९ टाके सांगितले आहेत. तुमचा हात सैल असून १० सेंमीत २० टाकेच बसले, तर त्याच ९९ टाक्यांची रुंदी ४९.५ सेंमी होते. पुढचा-मागचा भाग धरून घेर ९ सेंमीने वाढला. टाके कमी बसले तर बारीक सुई, जास्त बसले तर जाड सुई घ्या. हात ‘घट्ट ठेवून’ विणायचं ठरवू नका, दहाव्या ओळीला तो पुन्हा आपल्या वळणावर जातो.

११. टाके बंद करणे

दोन टाके विणा, पहिला दुसऱ्यावरून टाका. आणखी एक विणा, मागचा त्यावरून टाका. शेवटी एक फास उरतो, लोकर कापून टोक त्यातून ओढून घ्या. रिब बंद करताना सुलटवर सुलट, उलटवर उलट विणतच बंद करा. ‘६ टाके बंद करा’ असं लिहिलं असेल तर सातवा विणल्यावरच सहावा बंद होतो. उजव्या सुईवर उरलेला तो सातवा टाका पुढच्या मोजणीत धरायचा.

१२. तान्ह्या बाळाची टोपी

१० सेंमीत २२ टाके बसत असतील तर ही टोपी साधारण ३३ सेंमी घेराची होते. नवजात बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंमी असतं, टोपी तेवढी ताणली जाते. लोकर ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरते.

१. १० नंबर सुयांवर ७४ टाके घाला. १ सुलट, १ उलट अशा ८ ओळी. संख्या सम असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलटने सुरू होईल.
२. ८ नंबर सुया घ्या. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशी एकूण उंची १० सेंमी होईपर्यंत. शेवटची ओळ उलट असू द्या.
३. १ सुलट, (७ सुलट, २ एकत्र सुलट) ८ वेळा, १ सुलट. राहिले ६६. पुढची ओळ उलट.
४. १ सुलट, (६ सुलट, २ एकत्र) ८ वेळा, १ सुलट. राहिले ५८. पुढची ओळ उलट.
५. असंच कंसातले सुलट टाके दर सुलट ओळीत एकेक कमी करत जा: ५०, ४२, ३४, २६, १८. शेवटच्या वेळी कंसात फक्त ‘२ एकत्र’ उरतं आणि सुईवर १० टाके.
६. लोकर ४० सेंमी ठेवून कापा. बोथट सुईत ओवून दहाही टाक्यांतून काढा, घट्ट ओढा, आतून गाठ पक्की करा.
७. त्याच लोकरीने मागची शिवण घाला. दोन्ही कडा शेजारी-शेजारी, सुलट बाजू वर. प्रत्येक कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्यामधला आडवा धागा आळीपाळीने उचला आणि दर दोन-तीन सेंमीनंतर हलकेच ओढा. दोन्हीकडचा एकेक टाका आत जातो, म्हणूनच ७२ ऐवजी ७४ घातले.

बाळाच्या कपड्यांत जाळीची मोठी भोकं टाळा, बोटं अडकतात. हनुवटीखाली बांधायची लांब नाडीही नको. गोंडा लावायचा तर त्याची गाठ टोपीच्या आतून दोनदा पक्की करा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री थेट फिरवू नका, वीण कायमची चपटी होते. खरी लोकर असेल तर थंड पाण्यात, न चोळता धुवा आणि दोरीवर न टांगता टॉवेलवर पसरून वाळवा.